छातीत पोर्ट असताना आणखी दोन नळ्या कशाला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १३ किलो, आजार न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांमधला चेतापेशींचा कर्करोग. केमोसाठी छातीत पोर्ट बसवून झालंय. आता डॉक्टर म्हणतात की स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, गोळा करायला मानेतून एक जाड नळी घालावी लागेल आणि पुढे त्या पेशींच्या प्रत्यारोपणाच्या वेळी हिकमन नावाची दुसरी नळी. तुम्ही विचारलंय, "पोर्ट आहे ना, मग आणखी दोन नळ्या कशाला? लेकराच्या छातीची चाळण करायची का?"

मी मुलांच्या प्रत्यारोपण वॉर्डात सिस्टर आहे. त्याआधी काही वर्षं पेशी गोळा करण्याच्या यंत्रावर काम केलं. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते, आणि तो विचारायलाच हवा. तुमच्या मुलाच्या फाइलवर निर्णय देण्याचा अधिकार मला नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा. पण ते असं का म्हणत असतील, कुठे पर्याय असतो आणि कुठे नसतो, हे मी सांगू शकते.

वरून बघता प्रश्न नळ्या किती याचा आहे. आमच्या कामात मात्र पहिला प्रश्न असतो तो नळीने काय करायचंय हा. रक्त बाहेर ओढायचंय, की आत काही सोडायचंय? आणि ते दोन दिवस करायचंय, की दोन महिने? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की नळी जवळपास ठरते.

पोर्ट बघा. कातडीखाली एक छोटी डबी, तिला जोडलेली बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली. वरून खास सुई टोचायची आणि औषध सोडायचं. केमोसाठी याहून सोयीचं काही नाही. सुई काढली की मूल आंघोळ करू शकतं, खेळू शकतं. पण तिची वाट एकच असते आणि तीही सुईएवढी अरुंद. तपासणीचं थोडं रक्त तिच्यातून निघतं, पण पेशी गोळा करताना लागतो तो ओघ तिच्यातून निघत नाही.

किती ओघ लागतो ते सांगते. मुलांच्या अंगात दर किलोमागे साधारण ७० ते ७५ मिली रक्त असतं. तुमच्या मुलाचं म्हणजे ९०० ते १००० मिली, जेमतेम लिटरभर. पेशी गोळा करताना हे सगळं रक्त यंत्रातून बहुधा तीनेक वेळा फिरवतात. तीन लिटर रक्त चार तासांत म्हटलं तर मिनिटाला १२ मिलीच्या आसपास, सलग, एका वाटेने बाहेर आणि त्याच वेळी दुसऱ्या वाटेने परत आत. त्याच्या वजनाच्या मुलाला दिवसभर लावलेलं सलाईन मिनिटाला एक मिलीसुद्धा जात नाही.

दुसरी गोष्ट ओढ. शहाळ्यातली मलई कागदी स्ट्रॉने ओढून बघा, स्ट्रॉ चपटी होते आणि काहीच वर येत नाही. मऊ सिलिकॉनच्या नळीचं यंत्रावर नेमकं तेच होतं. सोडताना ती छान चालते, ओढताना तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. म्हणून पेशी गोळा करायची नळी मुद्दाम कडक असते, आखूड असते, आत दोन स्वतंत्र वाटा असतात. त्या दोन्हींची टोकंसुद्धा एका जागी नसतात. परतीची वाट दोन-तीन सेंटीमीटर पुढे उघडते, म्हणजे नुकतंच परत आलेलं रक्त पुन्हा यंत्रात ओढलं जात नाही. डायलिसिसच्या नळीची ही धाकटी बहीणच.

जाडीबद्दल एक हिशेब ऐका, म्हणजे डॉक्टर 'बारीक नळी चालणार नाही' असं का म्हणतात ते कळेल. नळीचा आतला व्यास निम्मा केला तर तेवढ्याच जोराने वाहणारं द्रव निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतं. आणि लांबी दुप्पट केली की उरलेल्याचंही निम्मं. दंडातून घालतात ती पीआयसीसी, जिला वॉर्डात सगळे पिक लाइन म्हणतात, ती बारीकही असते आणि लांबही. म्हणून ती या कामातून बाद होते. नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात, तीन फ्रेंच म्हणजे बाहेरून एक मिलिमीटर. तुमच्या मुलाएवढ्या मुलांना बहुतेक ठिकाणी सात किंवा आठ फ्रेंचची नळी घालतात, म्हणजे बाहेरून पावणेतीन मिलिमीटरपर्यंत. 'जाड नळी' या शब्दाने तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं असेल त्यापेक्षा ती बरीच लहान आहे.

नळी योग्य नसली की काय होतं, ते मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पाहिलंय. पाच वर्षांची एक मुलगी पेशी गोळा करायला आली होती. छातीत मऊ हिकमन होती. सगळ्यांनाच वाटलं, आहे ना नळी, पुन्हा भूल कशाला द्यायची, चालवून बघू. यंत्र दर पाच मिनिटांनी ओरडत होतं. आम्ही तिचा हात वर करून पाहिला, मान वळवून पाहिली, कुशीवर निजवलं, खोकायला लावलं. ओघ कमी करत करत सहा तास काढले आणि हाती आल्या त्या पेशी गरजेच्या मानाने फारच थोड्या. दुसऱ्या दिवशी शेवटी मानेतून नळी घालावीच लागली, आणि तोवर रक्तातल्या पेशींचा आकडा उतरायला लागला होता. तिच्या आईने विचारलं, "हे काल का नाही केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून 'चालवून बघू' हे शब्द ऐकले की मी बोलते, समोर कितीही मोठे डॉक्टर असोत.

त्या 'दुसऱ्या दिवशी'ला महत्त्व का, तेही सांगते. स्टेम सेल एरवी हाडांच्या मज्जेत असतात. केमोनंतर जी-सीएसएफ या मज्जेला चालना देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देऊन त्यांना रक्तात उतरवतात. त्या रक्तात उतरतात त्या थोड्याच दिवसांसाठी. रोज सकाळी सीडी-३४ नावाची तपासणी करून रक्तात अशा पेशी किती ते बघतात. एका मायक्रोलिटर रक्तात वीसच्या आसपास पेशी दिसल्या की गोळा करायला चांगला दिवस समजतात. कमी असल्या तर प्लेरिक्साफॉर नावाचं इंजेक्शन मदतीला असतं. एका प्रत्यारोपणाला दर किलो वजनामागे निदान २० लाख पेशी हव्यात, आणि न्यूरोब्लास्टोमामध्ये दोन प्रत्यारोपणांचा बेत असला तर त्याहून बऱ्याच जास्त. त्यामुळे ही नळी फार आधी घालून ठेवत नाहीत आणि उशीरही परवडत नाही. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी घालतात. शेवटच्या क्षणी सांगितलं म्हणून तुम्ही रागावलात असं लिहिलंय. ते बहुधा या आकड्यामुळेच झालं असेल. तरी 'कधीही घालावी लागू शकते' एवढं तरी आधी सांगायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

नळी घालायची जागा शक्यतो उजव्या बाजूची मानेतली शीर. तिथून हृदयाकडची वाट सरळ आहे. सोनोग्राफीत बघत बघत, भूल देऊन घालतात आणि टोक बरोबर जागी आहे का हे एक्स-रेवर पाहिल्याशिवाय वापरत नाहीत. गळ्याच्या हाडाखालची शीर लहान मुलांत या कामासाठी टाळलेली बरी, जाड नळीने ती पुढे आक्रसू शकते. मानेची शीर मोकळी नसली तर जांघेतून घालतात. एक-दोन दिवसांसाठी ते चालतं, पण डायपरमधल्या मुलाची जांघ कोरडी आणि स्वच्छ ठेवणं कठीण, आणि चार-पाच तास पाय न वाकवता निजवणं त्याहून कठीण. काम झालं की ही नळी लगेच काढतात. काढण्यापूर्वी प्लेटलेट तपासलेत ना, हे जरूर विचारा. यंत्र पेशींबरोबर प्लेटलेटही घेऊन जातं, आणि कमी प्लेटलेटवर नळी काढली तर रक्त थांबायला वेळ लागतो.

तुमचं मूल लहान आहे म्हणून यंत्राबद्दल आणखी दोन गोष्टी. यंत्र आणि त्याच्या नळ्या मिळून एका वेळी सुमारे २०० मिली रक्त शरीराबाहेर असतं. तुमच्यासाठी ते काहीच नाही, त्याच्यासाठी एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा. म्हणून सुरुवातीलाच यंत्र रक्ताच्या पिशवीने भरून घेतात, त्यासाठी प्रक्रिया करून किरणं दिलेली पिशवी लागते. तुम्हाला रक्तपेढीत पाठवलं तर घाबरू नका, त्याला रक्तस्राव झालाय असा अर्थ नाही. दुसरं म्हणजे रक्त गोठू नये म्हणून यंत्रात सायट्रेट मिसळतात आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मोठी मुलं सांगतात की ओठांना मुंग्या येताहेत. साडेतीन वर्षांचं मूल फक्त किरकिर करेल, पोट दुखतं म्हणेल, तोंड पुसत राहील. शेजारी तुम्हीच बसलेल्या असणार. असं काही दिसलं की लगेच सांगा. कॅल्शियम दिल्यावर थोड्या वेळात फरक पडतो.

आता हिकमन. हिचा जन्मच प्रत्यारोपणासाठी झालेला आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉ. ब्रोव्हियाक यांनी शिरेतून पोषण देण्यासाठी एक मऊ नळी तयार केली, आतला व्यास एक मिलिमीटर. तिथल्याच प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ती अपुरी पडू लागली, कारण त्यांना रक्तही द्यायचं असायचं आणि तपासणीसाठी घ्यायचंही असायचं. मुलांच्या मूत्रपिंडाचे डॉक्टर रॉबर्ट हिकमन यांनी तीच नळी १.६ मिलिमीटरची करून घेतली आणि १९७९ मध्ये ती प्रसिद्ध केली. नळी कामावरून ठरते असं मी म्हणते ते तेव्हापासूनचंच आहे. मुलांसाठीच्या हिकमन त्याहून बारीक असतात. सात फ्रेंचच्या दोन वाटांच्या नळीत आतले व्यास ०.८ आणि १ मिलिमीटर एवढेच. सोडायला पुरेत, तपासणीचं रक्त काढायला पुरेत, यंत्राला पुरत नाहीत.

प्रत्यारोपणात एवढं काय सोडायचं असतं, असं तुम्हाला वाटेल. जोराची केमो, मग गोठवून ठेवलेल्या त्याच्या स्वतःच्या पेशी, मग रक्त आणि प्लेटलेट. तोंडात आणि घशात फोड आले की जेवण बंद, तेव्हा शिरेतून पोषण. दुखण्यावर मॉर्फिन, तापावर दोन-तीन प्रतिजैविकं, कधी बुरशीवरचं औषध. यातली कित्येक एकमेकांत मिसळत नाहीत. बुरशीवरचं अँफोटेरिसिन मिठाच्या सलाईनच्या संपर्कात आलं तर साका धरतो. पोषणाची वाट दुसऱ्या कशासाठी उघडायची नसते. म्हणून दोन वाटा लागतात, कधी तीन. पांढऱ्या पेशी शून्यावर असलेल्या त्या दोन आठवड्यांत हाताला सुया टोचत बसणं कोणालाच नको असतं.

मग पोर्ट का नको? इथे मात्र खरोखर पर्याय आहे, तुम्ही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. स्वतःच्याच पेशींचं प्रत्यारोपण असेल तर काही केंद्रं पोर्ट अधिक एक पिक लाइन यावर भागवतात. त्यात नवी भूल टळू शकते. अडचण अशी की पोर्टची सुई कातडीत टोचलेली राहते, दर सात दिवसांनी बदलावी लागते, आणि पेशी शून्यावर असताना तीच जागा जंतूंना दार बनू शकते. माझं मत विचाराल तर साडेतीन वर्षांच्या, अंथरुणात लोळणाऱ्या, नळ्या ओढणाऱ्या मुलाला मी हिकमनच पसंत करीन. दहा-बारा वर्षांच्या शांत मुलाबद्दल माझं उत्तर वेगळं असू शकेल.

तिसरा मार्गही आहे. काही ठिकाणी गोळा करायलाच कडक, दोन वाटांची, कातडीखालून बोगद्यासारखी नेलेली नळी घालतात आणि तीच प्रत्यारोपणापर्यंत ठेवतात. एक भूल वाचते. पण गोळा करणं आणि प्रत्यारोपण यांत तुमच्यासारख्या बेतात अनेक आठवडे जातात, मध्ये केमो असते, शस्त्रक्रिया असते. तेवढे दिवस ती नळी घरी सांभाळायची म्हणजे तेवढे दिवस जंतुसंसर्गाचा आणि गुठळीचा धोका. अंतर कमी असेल आणि घर रुग्णालयाजवळ असेल तर हा मार्ग चांगला. तुम्ही सटाण्याकडून ये-जा करता असं लिहिलंय, म्हणून मला दोन वेगळ्या नळ्या जास्त सुरक्षित वाटतात. भूल कमी करायची असेल तर वेगळं विचारा: नळी घालताना त्याच भुलेत मज्जेची तपासणी उरकता येईल का? पुष्कळदा येते, फक्त कोणी आठवण करायला हवी. आणि पोर्ट काढू नका. पुढच्या उपचारांत ते लागेल.

त्याच्या ताईच्या मानेतही नळी घालतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही. न्यूरोब्लास्टोमात त्याच्याच पेशी त्याला देतात, ताईचा संबंध येत नाही. थॅलेसेमियासारख्या आजारात भावंड दाता असतं, तेव्हाही लहान निरोगी दात्याची मज्जा बहुतेक वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातूनच काढतात, मानेत नळी लागत नाही. १९८३ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियलला झालेलं देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण अशाच हाडातून काढलेल्या मज्जेचं होतं. भावंडाच्या पेशींचं प्रत्यारोपण होणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावं: सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध ज्या वाटेने जातं, त्याच वाटेतून त्याची पातळी बघायला रक्त काढू नये. औषध नळीच्या भिंतीला चिकटून राहतं आणि पातळी खोटीच जास्त दिसते. आम्ही त्या वाटेच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावतो.

आता घरचं. नळी कोणती यापेक्षा ती कशी हाताळली जाते यावर जास्त अवलंबून असतं, आणि ते आयाच सगळ्यांत चांगलं करतात. हात धुतल्याशिवाय नळीला स्पर्श नाही, मग नातेवाईक कितीही जवळचे असोत. टोपी उघडण्याआधी तिचं तोंड अल्कोहोलच्या कापसाने १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. वाळू देणं हा त्यातला अर्धा भाग आहे, घाईत तोच सुटतो. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं, पण कडा सुटली किंवा आत ओल दिसली तर सातव्या दिवसाची वाट बघायची नाही. मे-जूनच्या घामात ते तिसऱ्या दिवशीसुद्धा सुटतं. आंघोळ अंग पुसून. तेल छातीपासून लांब.

गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत पायात बांधा. दोरा ड्रेसिंगखाली सरकून कातडी ओली आणि लाल झालेली मी पाहिलीय. आजीला नीट समजावलं तर ती ऐकते, माझा अनुभव आहे.

नळी लोंबती ठेवायची नाही. आतून खिसा शिवलेलं पुढून उघडणारं झबलं करा, नळी गोल करून त्यात. हिकमनला कातडीखाली एक कफ असतो, मांस त्याला धरून ठेवतं, पण पकड बसायला तीन-चार आठवडे जातात. तोवर टाक्यांवरच भिस्त. कडेवर घेताना नळी नसलेली बाजू आपल्या अंगाला. कात्री त्या खोलीतच नको. नळी फाटली तर फाटलेल्या जागेच्या आणि बाळाच्या मध्ये क्लॅम्प लावा, क्लॅम्प नसेल तर नळी दुमडून बोटांत घट्ट धरा आणि तसेच निघा. फ्लश, म्हणजे नळी धुवायला सिरिंजने सोडायचं द्रव, जात नसेल तर जोर करू नका आणि लहान सिरिंज घेऊ नका. १० मिलीचीच वापरायची, कारण लहान सिरिंजने दाब फार वाढतो आणि नळी फुटते.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा फ्लश केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. निघा. पोचल्यावर तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. सटाण्याहून लांबचा पल्ला आहे, म्हणून आधी जवळच्या रुग्णालयात नळीतून रक्त कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला, घेऊन पहिला डोस देता येईल का, हे आजच तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

शेवटी एक छोटं काम. नळी घालतात तेव्हा पाकिटावर एक स्टिकर असतं. त्यावर नळीचा प्रकार, फ्रेंचमधली जाडी, लांबी असते, आणि काहींवर प्रत्येक वाटेत किती मिली मावतं तेही लिहिलेलं असतं. ओटीतून बाहेर आल्यावर ते मागून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. स्टिकरच्या खाली, नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन भरलंय का, किती ताकदीचं, हे सिस्टरकडून लिहून घ्या. गोळा करायच्या नळीत ते तीव्र असू शकतं, आणि वापरण्याआधी ते ओढून टाकून द्यायचं असतं. गावाकडच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता गेलात तर तिथल्या माणसाला ते स्टिकर सगळ्यात आधी लागेल.